ईथर फुटत न्हाई

चौगुले सरांना मी एकदाच शांत पाहिलं. एरवी ते रागावलेलेच असत. सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडताना कुलपावर, फळा ओल्या फडक्यानं पुसला म्हणून म्हादू शिपायावर, लढाईमुळे मिळेनाशा झालेल्या सल्फ्युरिक ॲसिडवर, मोडक्या खडूवर आणि मग दिवसभर आमच्यावर. मुलं त्यांना पाठीमागे 'तेजाब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तेजाबाची बाटली काढून खाली त्यांचं नाव लिहून ठेवलं, तेव्हा ते चित्राकडे बघून कडाडले, "बाटलीचं बूच कुठं हाय? उघड्यावर ठिवतोस व्हय रं ॲसिड?" आणि स्वतःच खडूनं बूच रेखाटून धडा सुरू केला.

मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून सांगलीच्या कॉलेजात आले होते. वडील साताऱ्याला वकील. शाळेत आम्हाला राग कसा गिळावा हे शिकवलेलं. अगदीच नाही गिळता आला तर वाक्याची सुरुवात 'आय ॲम सॉरी टु से' अशी करायची. मराठीत तर मला रागावताच येत नसे. मराठी घरात फक्त होकार देण्यापुरती लागायची. त्यामुळे सरांचा राग मी सुरुवातीला भीतीनं आणि पुढे कुतूहलानं ऐकत राहिले. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस कधी माणसावर रागावत नाही. तो चुकीवर रागावतो, आणि चूक दुरुस्त झाली की राग तिथल्या तिथे विरून जातो, नवसागराच्या धुरासारखा.

वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि वाईची कुसुम. कुसुम मोठ्यानं हसायची, भराभर चालायची, आणि तिची वेणी गुडघ्याला लागायची. पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघींनी सवयीनं दाराशी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

"थांबा तितंच!" आतून आवाज आला. "देवळात आलाय व्हय? चपला घाला, मग आत या."

आम्ही मागे फिरलो.

"हितं काच पडती, ॲसिड सांडतं. देवाकडं पाय धुऊन जायचं, हितं पाय झाकून यायचं. आणि ए पोरी, ती येणी हाय का नाडा? अंबाडा बांध. बर्नरला शेपूट लागलं तर मारुतीसारकं पळत सुटशील, आणि लंका माजी जळंल."

कुसुम खळखळून हसली. मी हसले नाही, पण त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर कुसुमचे दोन्ही हात आपोआप मानेमागे जात. वर्षभरात तिनं वेणी मोकळी ठेवून आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सरांच्या स्वतःच्या चपला कोल्हापुरी, जाड तळव्याच्या, तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेल्या. दगडी व्हरांड्यात त्यांची करकर आणि टकटक लांबून ऐकू यायची आणि वर्ग गप्प व्हायचा. अंगात काळा कोट, खाली धोतर, कपाळावर पिवळ्या गंधाचा ठिपका. घर पलूसकडचं, जैन शेतकऱ्याचं. मळ्यात राहून, पुढे पुण्याला वार लावून जेवून ते एम. एस्सी. झाले होते. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की ते घड्याळाकडे नाही, खिडकीकडे बघत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असे. पाण्याच्या तांब्यावर गाळायचं फडकं कायम. एम. एस्सी. असूनही कॉलेजात ते डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं, जपून टाकलेलं. पण राग आला की पलूस बोलू लागायचं. बाकीचे प्राध्यापक खोलीत चहा पिताना त्यांच्या 'हाय-न्हाई'ची नक्कल करत. ते सर्वांना ऐकू यायचं, त्यांनाही.

पण अल्कोहोलांची नावं मला समजली ती त्याच पलूसच्या बोलीत. पुस्तकातला नियम मला पाठ होता: सर्वांत लांब साखळी शोधा, ज्या टोकापासून हायड्रॉक्सिल गट जवळ आहे तिथून कार्बन मोजा. पाठ होता, कळला नव्हता. पहिल्या बाकावरच्या देशमुखानं फळ्यावर चार कार्बन काढून त्याला 'थ्री-ब्यूटॅनॉल' म्हटलं, आणि सरांनी टेबलावर थाप मारली.

"तीन? कुठनं मोजलंस?"

"डावीकडून, सर."

"डावीकडनं! आरं गड्या, ही गल्ली हाय. चार घरं. त्यातल्या एका घरात चावडी. पावण्याला पत्ता सांगताना जवळच्या टोकाकडनं सांगतोस का लांबच्या?"

"जवळच्या."

"मग उजवीकडनं मोज की! दुसरं घर. जवळची वाट सोडून गावाला वळसा घालायला सासुरवाडीला निगालायस व्हय?"

वर्ग हसला, देशमुखही हसला. 'टू-ब्यूटॅनॉल' त्यानं लिहिलं आणि राग संपला. मला आजही कुठलंही संयुग पाहिलं की आधी गल्ली दिसते, मग चावडी.

गूळ आंबवून अल्कोहोल काढण्याचा प्रयोग त्यांना आवडत नसे. यीस्ट जिवंत असतं, ते पाण्यात उकळून मरतं, हे त्यांना खुपायचं. प्रयोग करून घेत, पण त्या दिवशी उपास धरत. देशमुखानं एकदा त्यांना छेडलं, "सर, तुम्ही इतकं अल्कोहोल शिकवता. कधी चाखलंत का?"

"सायनाइडबी चाखलं न्हाई," सर म्हणाले, "पर शिकवतो न्हवं?"

मला मात्र त्यांचा एक तास सर्वांत जास्त आठवतो. ओळीनं परीक्षानळ्या लावल्या होत्या. प्राथमिक अल्कोहोल डायक्रोमेटमध्ये घालून तापवलं, नारिंगी रंग हिरवा झाला. दुय्यम घातलं, तोही हिरवा झाला. तृतीयक तसंच नारिंगी राहिलं. "ह्याच्या तिन्ही बाजूला शेजारी हायेत," सर म्हणाले, "द्यायला हायड्रोजन न्हाई. ह्याला कितीबी डिवचा, ह्यो बदलायचा न्हाई. मोडला तर मोडंल." मग सोडियमचा तुकडा इथिल अल्कोहोलमध्ये टाकला, तो फसफसला. ईथरमध्ये टाकला, तो तळाशी गप्प पडून राहिला.

"ईथर लय गरीब, असं वाटतं न्हवं?" सर म्हणाले. "सोडियमला बोलत न्हाई, अल्कलीला बोलत न्हाई. दवाखान्यात मानसाला झोपवतं. पर हीच बाटली अर्धी करून, उजेडात, वारं लागत ठिवा. वर्ष-दोन वर्षं कुनी बगू नका. वरनं पाण्यासारकंच दिसंल. आत पेरॉक्साइड साठत जातं. आणि मग कुणी एखादा शाना ती तापवून पार कोरडी करतो, तवा ती बोलती." त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "ए कॉन्व्हेंट. गप्प बसलेल्याच्या आत काय साठलंय ते कसं तपासायचं?"

"पोटॅशियम आयोडाइड," मी पुटपुटले. "पिवळं, तपकिरी होतं."

"मोठ्यानं! पोटॅशियम आयोडाइड काय गुपित न्हाई."

मी मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आमचे विभागप्रमुख देवस्थळी सर कधीच रागावत नसत. गोरे, मृदू, शुद्ध मराठी, मुलींना 'ताई' म्हणणारे. माझ्या वडिलांचे ते परिचित. मी कॉलेजात आले तेव्हा मला वाटलं होतं, चांगला माणूस म्हणजे असा. आता कुणाचा आवाज तितका मऊ लागला की माझ्या अंगावर काटा येतो.

लढाईचे दिवस. ईथर कुठेच मिळत नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीतल्या कपाटात जुन्या तीन बाटल्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या. सहामाही परीक्षेच्या प्रॅक्टिकलसाठी देवस्थळी सरांना त्या हव्या होत्या. चौगुले सरांनी एका बाटलीतले थेंब आयोडाइडवर टाकले. नळीतला रंग काळपट तपकिरी झाला. बाकीच्या दोन बाटल्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही. बुचाच्या कडेला पेरॉक्साइडचे पांढरे स्फटिक धरले होते.

मी आणि कुसुम तिथेच नळ्या धूत होतो, म्हणून हे बोलणं मला शब्दशः ठाऊक आहे.

"ह्या दोन वाळूत पुरून टाकायच्या, सर," चौगुले सर म्हणाले. "ही एक फेरस सल्फेटनं धुऊन घेतो. मग डिस्टिल करू. आणि तरीबी पार तळ गाठायचा न्हाई. देवाला निवेद काढतो तसं थोडं सोडायचं."

"चौगुले, लढाई चालू आहे. देवाला सोडायला ईथर कुठं आहे आपल्याकडे?"

"आवं सर, उद्या माजा उपास हाय, अनंत चतुर्दशी. गावाकडं जातोय. परवा येतो. मी आल्याबिगर ह्याला हात लावू नका."

"नाही लावत," देवस्थळी सर हसून म्हणाले. "जा तुम्ही देवाकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी न धुतलेली ती बाटली फ्लास्कमध्ये ओतायला लावली. खोलीत ज्योत नव्हती. पाणी म्हादू बाहेरच्या चुलीवरून किटलीनं आणत होता आणि फ्लास्कखालच्या भांड्यात ओतत होता. ही पद्धत चौगुले सरांचीच. कुसुमचं एक प्रॅक्टिकल बुडलं होतं, म्हणून देवस्थळी सरांनी तिला लक्ष ठेवायला उभं केलं. मी पलीकडच्या टेबलाशी होते.

"सर, तळाशी थोडंच उरलंय. थांबवू?" कुसुमनं विचारलं.

"येऊ दे ताई, सगळं येऊ दे. थेंब न थेंब मोलाचा आहे." आणि ते चहाला गेले.

म्हादूनं गरम पाण्याची आणखी एक किटली ओतली आणि तो वळला. मग आवाज झाला.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. कुसुमचा डावा डोळा गेला. तिचा अंबाडा बांधलेलाच होता. डॉक्टरांना काचा काढताना तो सोडावा लागला.

चौकशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत झाली. प्रिन्सिपॉल, देवस्थळी सर आणि नियामक मंडळाचे एक सभासद. चौकशीच्या आदल्या दिवशी माझे वडील साताऱ्याहून आले. "तू यात पडू नकोस," ते म्हणाले. "तुझं नाव कशाला यायला हवं? त्या मुलीचा बाप तिला वाईला घेऊन गेलाय. ती काही परत यायची नाही." हे त्यांना कुणी सांगायला लावलं ते मी विचारलं नाही. 'आय ॲम सॉरी टु से,' मी मनात सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य मला इंग्रजीत सापडलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपॉलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. आत चौगुले सर होते.

"तुमच्यावर कुणाचा रोष नाही," सभासदांचा आवाज होता. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा असतो, मुलगी अल्लड होती, वेणी दिव्याला लागली. विषय संपला. तुम्ही नोकरीत राहाल. पुढच्या वर्षी लेक्चरर करू."

"दिवा न्हवता," चौगुले सर म्हणाले.

"तुम्ही तर नव्हताच तिथं. देवाला गेला होतात."

"म्हणूनच सांगतो. मी असतो तर त्या बाटलीला हात लावू दिला नसता."

"चौगुले," देवस्थळी सर हळुवारपणे म्हणाले, "त्या पोरीचं जे व्हायचं ते झालं. आता तिच्यासाठी तुमचं घर का बुडवता?"

आणि मग मी तो आवाज ऐकला. वर्गातला नव्हे. त्याच्यापुढे वर्गातला राग म्हणजे लाडच होते.

"डोळा गेला तिचा! आता अक्कलबी काढून घेता व्हय? पोरगी जन्मभर लोकांची बोलणी खाणार, आपल्याच येणीनं आंधळी झाली म्हणून! मी सांगितलं हुतं हात लावू नका. सांगितलं हुतं का न्हाई? तोंड वर करून बोला की!"

मग चौगुले सरांना बाहेर पाठवून मला आत बोलावलं.

मी जे पाहिलं ते सांगितलं. ज्योत नव्हती. अंबाडा बांधलेला होता. कुसुमनं थांबवू का विचारलं होतं. मी मोठ्यानं सांगितलं. "ईथर फुटलं," मी म्हणाले, "ते धुतलेलं नव्हतं आणि कोरडं होऊ दिलं, म्हणून फुटलं."

सभासद कनवाळूपणे हसले. "मुलगी घाबरली आहे," ते प्रिन्सिपॉलांना म्हणाले. "मैत्रीण आहे ना तिची. ईथरनं झोप येते, बाळ. ते कधी असं फुटत नसतं." देवस्थळी सरांनी मान हलवली. त्यांना रसायनशास्त्रातली पदवी होती आणि त्यांनी मान हलवली.

म्हादूला त्यांनी बोलावलंच नाही. किटली त्याच्या हातात होती.

मी बाहेर आले. चौगुले सर व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं, ते शाबास म्हणतील. ते माझ्यावर धावूनच आले.

"काय म्हणालीस आत? ईथर फुटलं?"

"हो, सर."

"ईथर फुटत न्हाई! पेरॉक्साइड फुटतं! नाव नीट घे की! तू ईथर म्हणालीस, म्हणून त्यांना हसाया गावलं. गुन्हा केला एकानं आणि नाव घेतलंस दुसऱ्याचं. त्यांनीबी तेच केलं न्हवं?"

मला रडू आलं. ते बघून ते आणखी चिडले, "रडू नगं. बोललीस ते लय झालं. आता नीट बोल, एवढंच म्हणतोय," आणि वळून प्रयोगशाळेकडे गेले. करकर, टकटक. मीही मागे गेले.

कपाटासमोर जाऊन ते थांबले आणि त्यांच्या अंगातला राग गेला. मी तो जाताना पाहिला. खांदे खाली आले, हात संथ झाले. उरलेल्या दोन बाटल्यांकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग कोट काढून खुंटीला लावला. दाराशी आले, वाकले आणि चपला काढल्या. त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"सर?" मी म्हणाले.

"खिळ्याची ठिणगी उडती दगडावर," ते म्हणाले. कधी नव्हे इतक्या हळू, माझ्यासारख्या आवाजात. "तू हितंच थांब. कुणाला मागनं येऊ देऊ नगस."

ओल्या फडक्यात गुंडाळलेली एकेक बाटली त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि दोन खेपा केल्या. अनवाणी, व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, मागच्या मळ्यातून नदीच्या वाळूकडे. काठोकाठ भरलेली घागर घेऊन बाई चालावी तसे. चहाच्या खोलीच्या दारात प्राध्यापक उभे होते, कुणी नक्कल केली नाही. ते बाजूला झाले.

मी खिडकीतून बघत होते. वाळूत त्यांनी हातानं खड्डा केला. खड्ड्याच्या कडेनं धोतराचा सोगा फिरवला. आधी मला कळलं नाही, मग कळलं, ते मुंग्या बाजूला करत होते. दोन्ही बाटल्या आत ठेवल्या. मळ्याच्या बांधापर्यंत मागे आले, राखणदाराकडून गोफण मागून घेतली आणि बांधाआड बसून दगड फिरवला. पहिला दगड चुकला. दुसराही. पलूसच्या मळ्यातला हात बऱ्याच वर्षांत गोफणीला लागला नसावा. मग एक बसला.

आवाज त्या दुपारच्यापेक्षाही मोठा होता. वाळू पिंपळाएवढी उंच उडाली. नदीवरचे बगळे एकदम उठले. खिडक्यांची तावदानं वाजली, आणि प्रिन्सिपॉलांच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तिथे ते तिघं अजून बसलेले होते. कुसुमची वेणी दिव्याला लावत होते. कुणीतरी उठलं. मला वाटलं, आता दार उघडेल.

दार उघडलं नाही. खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

निकाल तोच लागला, जो ठरला होता: वेणी दिव्याला लागली. मी आता साताऱ्याला मुलींच्या शाळेत रसायन शिकवते, आणि ईथरचा धडा आला की मुली म्हणतात, बाईंचा आवाज आज चढलाय. चढू दे. मी त्यांना सांगते, ज्योत नव्हती.

सर त्या दिवशी परत वर आले नाहीत, पुढेही कधी नाही. वाळू खाली बसली तेव्हा ते खड्ड्यापर्यंत गेले, आत वाकून बघितलं, सगळं संपलंय याची खात्री केली, राखणदाराला गोफण दिली आणि काठाकाठानं नावेच्या धक्क्याकडे चालू लागले. अंगात कोट नाही, पायात काही नाही. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. धक्क्यापाशी पोचल्यावर त्यांनी नावाड्यावर हात उगारून काहीतरी ओरडल्यासारखं केलं. ऐकू आलं नाही, पण नावाडी घाईघाईनं नावेतली फळी नीट करताना दिसला. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्यांच्या चपला दाराशीच राहिल्या. म्हादूनं विचारलं, "बाई, ह्या कुठं ठेवू?" मी म्हणाले, "आहेत तिथंच असू देत." त्याला ते पटलं असावं, कारण केर काढताना तो तेवढी जागा सोडून झाडायचा. सत्र संपेपर्यंत त्या तिथेच होत्या, भिंतीशी जोडलेल्या, टाचा आत आणि अंगठे बाहेर. देवस्थळी सर रोज सकाळी त्यांना वळसा घालून आत जात. त्यांचं काही म्हादूला 'त्या उचल' म्हणण्याचं धाडस झालं नाही.